ताप घरात कोणी आणला?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका नोकरी करतात. घरात त्या, त्यांचे पती, सहा वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे आणि सीओपीडी हा फुप्फुसांचा जुना विकारही. गेल्या हंगामात आधी मुलीला फ्लू झाला, दोन दिवसांनी लेखिकेला आणि चौथ्या दिवशी सासूबाईंना. सासूबाईंच्या फ्लूचा पुढे न्यूमोनिया झाला, रुग्णालयात राहावं लागलं. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पण ‘शाळेतून हिनेच आणलं’ हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडी राहिलं. आता साधी शिंक आली तरी मुलगी आजीच्या खोलीतून पळ काढते. यंदा पतीचं म्हणणं आहे की हंगाम संपेपर्यंत आईला बहिणीकडे ठेवावं. सासूबाईंना जायचं नाही. त्यांना लसही नको आहे, कारण ‘लस घेतली त्याच वर्षी ताप आला’. लेखिका स्वतः गेल्या वर्षी तापाची गोळी घेऊन कामावर जात होत्या, कारण रजा शिल्लक नव्हती. त्या इमारतीच्या रहिवासी समितीवरही आहेत आणि तिथे मागणी आली आहे की ज्या घरात फ्लू असेल त्या घराचं नाव सूचनाफलकावर लावावं. त्या लिहितात, “मला सगळ्यांना सुरक्षित ठेवायचं आहे, पण जो उपाय काढावा त्यात कोणीतरी दुखावतंच. सासूबाईंना दूर ठेवू का? आणि फलकाचं काय करू?”

प्रिय ताई,

सुरुवात तुमच्या मुलीपासून करते, कारण या सगळ्यात सर्वांत जड ओझं तिच्या खांद्यावर आहे आणि ते उतरवणं तुमच्या हातात आहे.

फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुतेकदा दोन. माणूस दुसऱ्याला लागण देऊ लागतो ते मात्र ताप येण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून. म्हणजे ज्या दिवशी तुमची लेक हसत-खेळत आजीच्या मांडीवर बसली होती, त्या दिवशी तिला, तुम्हाला किंवा शाळेतल्या बाईंना काहीही कळण्याचा मार्ग नव्हता. त्यातच अनेकांना फ्लू होऊन जातो आणि पत्ताही लागत नाही. इंग्लंडमध्ये काही हंगाम घरोघरी जाऊन केलेली एक मोठी पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्ततपासणीवरून ज्यांना लागण झाल्याचं दिसलं, त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना जाणवण्याजोगा आजार झालाच नव्हता. अशा माणसांकडून होणारा प्रसार खोकणाऱ्या माणसापेक्षा कमी असतो, पण ती घरात, गाडीत, कचेरीत सगळीकडे वावरत असतात. तुमच्या घरात आधी ताप मुलीला आला एवढंच खात्रीने सांगता येतं. विषाणू सासूबाईंपर्यंत तिच्याकडून गेला, तुमच्याकडून, की तुमच्या पतींकडून, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

समजा तिच्याकडूनच गेला असेल. तरीही तो दोष ठरत नाही. सहा वर्षांच्या मुलांचा फ्लूशी पूर्वी फारसा सामना झालेला नसतो, त्यामुळे त्यांना तो लवकर होतो आणि मोठ्यांपेक्षा जास्त दिवस त्यांच्याकडून पसरतो. हा शरीराचा धर्म झाला. हे तिला तिच्या भाषेत सांगा, आजीच्या समोर सांगा, आणि शक्य झालं तर आजीच्याच तोंडून येऊ द्या. पुढच्या वेळी कोणी ‘हिनेच आणलं’ म्हणालं तर मुलीच्या देखत तिथल्या तिथे थांबवा, मग बोलणारं माणूस वयाने कितीही मोठं असो. शिंक आली की पळून जायचं नाही, कोपरात शिंकायचं आणि हात धुवायचे, एवढं तिला शिकवलं की पुरे. करण्यासारखं काहीतरी हातात आलं की मुलांची भीती बरीच कमी होते.

आता सासूबाईंना दूर ठेवण्याबद्दल.

तुमच्या पतींच्या काळजीत खोट नाही. आईला रुग्णालयात पाहिलेल्या मुलाला दुसरं काय सुचणार! पण त्यांच्या योजनेमागे एक गृहीतक आहे: धोका आपल्या घरात आहे आणि नणंदेच्या घरात नाही. नणंदेच्या घरातली माणसंही कामाला जातात, दवाखान्यात जातात, पाहुण्यांना भेटतात. फ्लूचा हंगाम काही आठवड्यांत आटोपत नाही. थंड प्रदेशांत तो हिवाळाभर असतो, उष्ण प्रदेशांत पावसाळ्याच्या आसपास वाढतो आणि काही ठिकाणी वर्षातून दोनदा डोकं वर काढतो. इतके महिने चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंना त्यांच्या मनाविरुद्ध दुसरीकडे ठेवायचं म्हणजे औषधांच्या वेळा, इन्हेलर, साखरेची तपासणी, ओळखीचे डॉक्टर ही बसलेली घडी मोडायची. शिवाय नातीपासून तोडायचं, तेही ती नात स्वतःला अपराधी समजत असताना. मला हा सौदा पटत नाही.

आणखी एक शक्यता तुमच्या घरात पुढेमागे निघेल म्हणून आत्ताच लिहिते. घरात कोणाला ताप भरला की घाईघाईने म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्या घरी हलवण्याचा मोह होतो. तोपर्यंत त्या माणसाला लागण झालेली असू शकते. लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, म्हणजे आपण विषाणूसकट त्यांना दुसऱ्या घरात नेऊन सोडतो. तिथेही लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर संकट वाढतं. आधीच सगळे ठणठणीत असताना कोणी आपल्या आवडीने लेकीकडे चार दिवस राहायला गेलं तर ते वेगळं.

माझ्या मते सासूबाईंनी घरीच राहावं आणि अंतर ठेवावं ते आजारी माणसाने, तेही मोजक्या दिवसांसाठी. बहुतेक मोठी माणसं लक्षणं सुरू झाल्यापासून पाच ते सात दिवस लागण देऊ शकतात आणि त्यातले पहिले तीन-चार दिवस सर्वांत जोखमीचे. एवढे दिवस नीट सांभाळले तर महिनोन्‌महिन्यांची ताटातूट लागत नाही.

हे जमायचं तर तयारी ताप येण्याआधीच व्हायला हवी. एका संध्याकाळी तुम्ही दोघं आणि सासूबाई बसा आणि ठरवून टाका: तुम्ही आजारी पडलात तर झोपणार कोणत्या खोलीत? मुलगी आजारी पडली तर तिच्याजवळ कोण, आणि तेवढे दिवस सासूबाईंचं कोण बघणार? ही दोन माणसं वेगळी असलेली बरी. मुलीची शुश्रूषा करणाऱ्यानेच सासूबाईंना इन्हेलर द्यायला जाऊ नये. खोल्या कमी असतील तर निदान अंथरुणं लांब, खिडक्या उघड्या आणि आजारी माणसाच्या तोंडावर मास्क. मास्क आजारी माणसाने आणि त्याच्याजवळ बसणाऱ्याने, दोघांनीही लावावा. हाँगकाँगमध्ये घरांमध्ये झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मास्क आणि हात धुणं यांचा फायदा दिसला तो पहिल्या रुग्णाला लक्षणं दिसल्यापासून ३६ तासांच्या आत सुरुवात करणाऱ्या घरांत. म्हणूनच मास्क आणि साबण आधीपासून घरात असावेत. ‘उद्या बघू, साधी सर्दी दिसतेय’ म्हणण्यातच त्यातला बराचसा वेळ निघून जातो.

बाकी घरकामाचा बाऊ करू नका. हात साबणाने वीस सेकंद धुतले की पुरतात, कारण या विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं आणि साबणाने ते फुटतं. साबण-पाणी जवळ नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर चालतं. आजारी माणसाची भांडी वेगळी ठेवायची गरज नाही, नेहमीसारखी घासली की झालं. दाराच्या कड्या, नळ, फोन, रिमोट मात्र रोज पुसा, कारण गुळगुळीत कठीण पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो. आणि खिडकी! घरं बंद करून बसण्यापेक्षा हवा खेळती ठेवण्याने जास्त साधतं.

लसीबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका, आधी त्यांना नीट विचारा. लस घेतल्यावर ताप कधी आला, दुसऱ्या दिवशी की महिन्याने? दुसऱ्या दिवशी आला असेल तर ती लसीची साधी प्रतिक्रिया. दंड दुखतो, थोडी कणकण येते, एक-दोन दिवसांत जाते. दंडात टोचायच्या फ्लूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. लस घेतल्यापासून आठ-दहा दिवसांच्या आत आला असेल तर संरक्षण तयारच झालेलं नसेल, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. आणि पुष्कळ नंतर आला असेल तर तो दुसऱ्याच एखाद्या विषाणूचा असू शकतो, किंवा फ्लूचाही. हो, लस घेऊनही फ्लू होतो. हे लपवून कोणालाही लस घ्यायला लावू नये, त्याने विश्वास कायमचा जातो. विषाणूशी लशीची जुळणी चांगली झालेल्या वर्षी डॉक्टरांकडे जावं लागण्याइतका फ्लू होण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. वय वाढलं की शरीराचा प्रतिसाद मंदावतो आणि हा फायदाही घटतो. पण रुग्णालयात जावं लागणं, अतिदक्षता विभागात जावं लागणं, हे लस घेतलेल्यांमध्ये कमी दिसतं. सासूबाईंसाठी हिशेब करायचा तो याचा. गेल्या वर्षी त्यांना ताप आला म्हणून तुम्ही घाबरला नाहीत, न्यूमोनिया झाला म्हणून घाबरलात.

त्या ‘एकदा घेतली आहे की’ म्हणतील. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो आणि लशीचं संरक्षणही काही महिन्यांत ओसरतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस करते. तुमच्या भागात लाट कधी येते ते डॉक्टरांना विचारून तिच्या आधी लस घ्या. काही देशांत ६५ वर्षांवरच्यांसाठी जास्त ताकदीची लस मिळते, तिची चौकशी करा. न्यूमोकोकस या जंतूविरुद्धची लस वेगळी असते. सासूबाईंच्या फुप्फुसांची अवस्था आणि मागचा न्यूमोनिया पाहता तीही डॉक्टरांना विचारायलाच हवी.

एवढं सांगूनही त्या नाही म्हणाल्या तर? शरीर त्यांचं आहे, निर्णयही त्यांचाच राहील. पण इथेच आपल्या विचारातली एक गल्लत दिसते. घरातलं सर्वांत नाजूक माणूस वाचवायचं तर सगळे उपाय त्याच माणसावर करायचे, असं आपण धरून चालतो: त्यालाच दूर पाठवा, त्यालाच टोचा, त्यालाच खोलीत बसवा. फ्लूच्या बाबतीत नाजूक माणसाचं पुष्कळसं संरक्षण त्याच्याभोवतीच्या धडधाकट माणसांच्या हातात असतं. कॅनडातल्या हटराइट नावाच्या, सामुदायिक जीवन जगणाऱ्या शेतकरी वसाहतींमध्ये एक प्रयोग झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही वसाहतींतल्या मुलांना फ्लूची लस दिली, काहींतल्या मुलांना दुसरीच. ज्या वसाहतींत मुलांना फ्लूची लस मिळाली तिथल्या लस न घेतलेल्या लोकांमध्येही फ्लूचं प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांनी कमी निघालं. सगळ्या वस्त्या अशा नसतात, त्यामुळे तोच आकडा तुमच्या इमारतीला लावता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. मुलीला लस द्या, तुम्ही दोघांनी घ्या, नणंदेच्या घरच्यांनाही सांगा. मुलीची ही पहिलीच वेळ असेल तर सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलांना पहिल्या वर्षी किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून उशीर नको. मात्र सासूबाईंसमोर ‘तुमच्यामुळे आम्हाला टोचून घ्यावं लागतंय’ असं कोणी म्हणू नये. धडधाकट माणसालाही फ्लू आठवडाभर आडवं पाडतो, ती लस स्वतःसाठीही आहे.

आता तुमच्या कामावर जाण्याचा विषय. तुम्ही तो एका वाक्यात उरकला आहे, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तापाची गोळी ताप उतरवते, विषाणू तसाच राहतो. गोळीच्या जोरावर उभं राहिलेलं माणूस कामाच्या जागी तितकीच लागण वाटत असतं. तुम्ही हे निष्काळजीपणाने केलं नाहीत, रजा नव्हती. ज्याचा त्या दिवसाचा पगार बुडतो त्याला ‘घरी बसा’ म्हणणं सोपं, बसणं अवघड. म्हणून मी हा उपदेश एकट्या कामगाराला करणार नाही. ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात त्यांनी हे वाचावं: तापातल्या माणसाला दोन-चार दिवस घरी राहू देणं हे उपकार नव्हेत, बाकीचा विभाग आडवा पडू नये म्हणून केलेली ती तजवीज आहे. शाळांमधलं पूर्ण हजेरीचं बक्षीसही बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं. त्या बक्षिसासाठी किती मुलं तापात वर्गात येऊन बसतात!

तुमच्या हातात जे आहे ते एवढं. हंगाम सुरू होण्याआधी वरिष्ठांशी बोला, आजारी पडल्यावर नाही. तुमचं काम कोण सांभाळेल, त्याच्या आजारपणात तुम्ही कसं सांभाळाल, घरून काय करता येईल, हे एका सहकाऱ्याशी ठरवून ठेवा. दोन-तीन दिवसांची रजा जमेल तशी या काळासाठी राखून ठेवा, पतींनीही ठेवावी. मुलीच्या आजारपणात प्रत्येक वेळी रजा आईचीच जायला हवी असं कुठे लिहिलेलं नाही. परत जाण्याचा नियम साधा आहे: तापाचं औषध न घेता २४ तास ताप नाही आणि एकूण तब्येत सुधारते आहे, तर जा. शाळेलाही हाच. खोकला त्यानंतर दोन आठवडे किंवा अधिकही रेंगाळू शकतो, तो जाईपर्यंत थांबायची गरज नाही. पण परतल्यावर काही दिवस मास्क लावा आणि जेवायला सगळ्यांपासून थोडं दूर बसा. अगदीच इलाज नाही आणि तापातच जावं लागलं, तर मास्क काढू नका, खिडकीजवळ बसा, बैठका टाळा.

घरात ताप आलाच तर काय, तेही सांगते. साध्या पडशात नाक आणि घसा हळूहळू धरतो. फ्लू अचानक येतो: दुपारपर्यंत बरं असलेलं माणूस संध्याकाळी तापाने, अंगदुखीने आणि कोरड्या खोकल्याने अंथरूण धरतं. पण वयस्कर माणसांत ताप येईलच असं नाही. सासूबाई एकाएकी गळून गेल्या, बोलण्यात गोंधळ वाटला, भूक मेली, धाप वाढली, तर थर्मामीटर काहीही म्हणो, फ्लूची शंका घ्या.

धडधाकट माणसाला विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल पुरतं. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, तेव्हा वेष्टन वाचा, दुहेरी मात्रा जाऊ देऊ नका. मुलांना आणि किशोरवयीनांना फ्लूमध्ये अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका, त्यातून राय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा दुर्मिळ पण घातक आजार होऊ शकतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. कपाटात उरलेल्या गोळ्यांचा अर्धा पत्ता काढून कोणाला देऊ नका. वाफेने बरं वाटत असेल तर घ्या, पण लहान मुलाजवळ उकळत्या पाण्याचं भांडं नको.

सासूबाईंसाठी मात्र वाट पाहायची नाही. फ्लूवर ऑसेल्टामिविरसारखी विषाणूविरोधी औषधं आहेत आणि ती पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर सर्वांत उपयोगी ठरतात. त्यांच्या वयाच्या आणि आजाराच्या माणसाला लक्षणं दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, ‘उद्यापर्यंत बघू’ नाही. घरात दुसऱ्या कोणाला फ्लू झाला असेल तेव्हाही फोन करा, कारण कधीकधी डॉक्टर अशा माणसाला लागण होण्याआधीच हे औषध देतात. तो निर्णय त्यांचा. ही औषधं मनाने आणून घरात साठवू नका. इन्हेलर आणि मधुमेहाची औषधं चालू ठेवा, साखर जास्त वेळा तपासा, ती तापात वाढते. हृदयविकार असलेल्यांच्या घरच्यांनीही सावध राहावं: कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या २०१८ च्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट आढळला. गरोदर बायका, पाच वर्षांखालची आणि विशेषतः दोन वर्षांखालची मुलं, दमेकरी, मूत्रपिंडाचे रुग्ण, कर्करोगावर उपचार घेणारे, या सगळ्यांना ‘त्याच दिवशी फोन’ हा नियम लागू आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देता येत नाही, त्याला संरक्षण मिळतं ते आईने गरोदरपणी घेतलेल्या लशीतून.

आणि ही लक्षणं दिसली तर फोनही नको, थेट रुग्णालय: श्वास लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा जागं न होणं, लघवी जवळजवळ बंद होणं, झटके येणं. लहान मुलात भराभर श्वास, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, काहीच न पिणं, हाक मारली तरी लक्ष न देणं. तीन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला तरी लगेच दाखवायचं. आणखी एक खूण घरोघरी निसटते: ताप उतरला, माणूस उठून बसलं, आणि मग दोन दिवसांनी ताप आणि खोकला पुन्हा जोराने आला. ‘परत उलटला’ म्हणून घरी थांबू नका. विषाणूपाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनिया शिरल्याची ती खूण असू शकते आणि तिथे अँटिबायोटिकची खरी गरज लागते.

उरला फलक. नावं लावू देऊ नका. समितीत एकट्या पडलात तरी याला विरोध करा.

नाव लागणार हे कळलं की लोक ताप सांगायचे थांबतील. खोकला दाबून जिन्याने जातील, मूल शाळेत पाठवतील, डॉक्टरांकडेही उशिरा जातील. आजार सांगण्याची शिक्षा मिळणार असेल तर आजार लपतो आणि लपलेला आजार जास्त पसरतो. शिवाय लक्षणांच्या आधीच लागण होत असल्यामुळे यादीत नसलेलं घर सुरक्षित, असा खोटा दिलासा मिळेल तो वेगळाच. कोणाचा आजार जाहीर करायचा हा अधिकार समितीचा नाही. मागणी करणारी माणसं वाईट आहेत असंही नाही, ती घाबरली आहेत. फ्लूने श्वसनाच्या विकारांतून जगभरात दर वर्षी २,९०,००० ते ६,५०,००० मृत्यू होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, तेव्हा त्यांची भीती अगदी हवेतली नाही. त्या भीतीला दुसरं काम द्या.

फलकावर काय लावायचं ते मी सुचवते. एक, तापाचं औषध न घेता २४ तास ताप नसण्याचा नियम, ठळक अक्षरांत. दोन, धोक्याची लक्षणं आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक. तीन, ज्यांना मदत करायची आहे अशा दोन-तीन रहिवाशांचे फोन, अर्थात त्यांच्या संमतीने: औषध आणून देणं, पाण्याची बाटली आणि डबा दाराबाहेर ठेवणं, मुलाला शाळेतून आणणं. आजारी माणूस घराबाहेर पडतो तो बऱ्याचदा अशाच एखाद्या कामासाठी. लिफ्टमध्ये खोकला असलेल्याने मास्क लावावा आणि शक्य तिथे एकट्याने जावं, अशी विनंती लिहा. बैठका मोकळ्या हवेत घ्या, लाट जोरात असताना पुढे ढकला. एखाद्या डॉक्टरांना बोलावून सगळ्यांची लस एकाच दिवशी करता येते का, तेही पाहा. ज्यांना लस घ्यायची असते पण जाणं होत नाही, असे पुष्कळजण तेवढ्याने घेतात.

एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांकडे समितीतल्या कोणीतरी स्वतः जावं. रोज ठरलेल्या वेळी एक फोन करायला चालेल का, ते त्यांना विचारावं आणि कोण कोणाला करणार ते वाटून घ्यावं. फोन उचलला नाही तर दार वाजवायचं, आणि दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते आधीच माहीत असायला हवं. हे फोन क्रमांक त्यांच्या घरात फोनशेजारी मोठ्या अक्षरांत चिकटवून द्या, म्हणजे तापात चष्मा सापडला नाही तरी वाचता येतील.